रोजच्या वापरातला काळा चाकू

बायकोने वाढदिवसाला दिलेला चाकू मी वापरतो का, या प्रश्नाला मी नुसतं "हो" म्हणालो, एवढाच काय तो माझा गुन्हा. त्यापुढचं सगळं आमच्या इमारतीने केलं.

चाकू घडीचा होता. काळी मूठ, काळं पातं आणि खिशाला अडकवायला काळी क्लिप. तो देण्यामागे माझ्या प्रकृतीचा विचार होता. कुठलंही पाकीट, पिशवी किंवा गाठ मी दातांनी सोडवतो. त्यात एका दाताचा कोपरा शहीद झाला आणि आमच्या इमारतीतल्या डेंटिस्टने बायकोला सांगितलं, "वहिनी, यांना एखादी कात्री घेऊन द्या." आमची ही कात्रीवर भागवणाऱ्यांतली नव्हे. तिने दुकानात जाऊन दुकानदाराला भंडावून सोडलं, चाकूंची अर्धी भिंत खाली उतरवायला लावली आणि हा निवडला. "काळं कोटिंग आहे. रोज वापरलं तरी जात नाही म्हणे," ती म्हणाली.

इथेच घोडं पेंड खातं. रोज वापरणं माझ्या रक्तात नाही. मी एका छोट्या संग्रहालयात वस्तू सांभाळतो. वस्तूंना कोणी हात लावू नये, यासाठी मला पगार मिळतो. आमच्याकडे कुण्या एका राणीचा हस्तिदंती कंगवा आहे. त्याचे सगळे दात अजून शाबूत आहेत, ते त्याने कोणी केस विंचरत नाही म्हणून. ही शिस्त संध्याकाळी कचेरीत ठेवून घरी येता येत नाही. बायकोने दिलेलं घड्याळ त्याच्या डबीत आहे, पाकीट त्याच्या कागदात आहे, पेनाला शाई ठाऊक नाही आणि एक शर्ट चांगल्या प्रसंगाची वाट बघत इतकी वर्षं थांबलाय, की त्याच्या कॉलरची फॅशन एकदा जाऊन परत आली.

या वेळी मात्र ती हसत नव्हती. "हे बघा," ती म्हणाली, "तुम्हाला काही दिलं की ते फिरून माझ्याच कपाटात येऊन बसतं. दिल्यासारखं वाटतच नाही मला. हा चाकूही तिकडेच गेला, तर यापुढे मी काही आणणार नाही." ती चिडून बोलली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो. ती शांतपणे बोलली आणि मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी खरोखरच चाकू कामावर नेला. एक खोकं आलं होतं. मी पातं उघडलं. काय त्याची तुकतुकी होती! त्यात माझं नाक दिसत होतं. असं पातं पुठ्ठ्यात घालायचं म्हणजे नवं बाळ चिखलात ठेवायचं. माझा हात काही पुढे होईना. शेवटी मी ते खोकं दातांनीच उघडलं, फक्त दुसऱ्या बाजूच्या. चाकू एका स्वच्छ मोज्यात घालून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो घरच्या कपाटात नाही, या मुद्द्यावर माझं मन बऱ्यापैकी साफ होतं.

काही महिने गेले. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "चाकू वापरता ना?"

"हो."

"उद्या आणा बरं. बघू दे."

मी आणला. तिने दिव्याखाली धरून तो उलटसुलट फिरवला. ओरखडा नाही, डाग नाही. तिचा चेहरा असा काही फुलला, की विचारू नका. "बघा, दुकानदार खोटं नव्हता बोलत. आणि मीही वेडी नाही. चांगली वस्तू मला कळते." तो आनंद बघून खरं सांगायची माझी छाती झाली नाही. उलट मी जोडून दिलं, "पुठ्ठे म्हणू नकोस, दोऱ्या म्हणू नकोस, सगळं कापतो." माणूस चिखलात पाय टाकतो तो असा, चांगला मोठा आणि राजीखुशीने.

तिने ही बातमी इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितली. सेक्रेटरी म्हणजे टाचणी घ्यायची तरी चौकशी समिती नेमणारा माणूस. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"रोज वापरता?"

"रोज."

"पुठ्ठा?"

"पुठ्ठा."

"आणि काळं ते काळंच?"

मी तुकतुकीत पातं उघडून दाखवलं. सेक्रेटरींनी त्यात स्वतःची मिशी नीट केली आणि निघून गेले. पुढच्या सभेत गळक्या टाकीचा विषय मागे पडला आणि घाऊक चाकूखरेदीचा ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरींनी घेतला, डेंटिस्टने घेतला, तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रिलमास्तरांनी घेतला आणि तळमजल्यावर फुलांचं दुकान चालवणाऱ्या मावशींनी घेतला. बाकीच्यांनी या चौघांनी घेतला म्हणून घेतला. काही दिवस सगळी इमारत खिशाला काळी क्लिप लावून फिरत होती. पोस्टमन आमच्याकडे वर यायला कचरू लागला.

मग रंग उडू लागले.

पहिले आले सेक्रेटरी. ते चाकूने खोकी उघडत. पुठ्ठा दिसायला गरीब, पण त्यात रेतीसारखी बारीक कच असते. त्यांच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी करड्या रेघा उमटल्या होत्या. ड्रिलमास्तरांनी उड्या मारायच्या दोऱ्या कापून पातं बोथट केलं आणि दगडावर घासून परत धार लावली. धार लखलखीत झाली, पण कडेचा काळा थर साफ गेला आणि पात्याला पांढरी किनार आली. मावशी ओले देठ कापत, त्यामुळे टोकाशी जिथे रंग उडाला होता तिथे गंजाचा ठिपका पडला. सगळ्यांत दुःखी होते डेंटिस्ट. त्यांनी चाकू फार तर सफरचंदाला लावला होता, पण ठेवायचे तो किल्ल्यांच्याच खिशात. किल्ल्यांनी आतल्या आत मुठीचे कोपरे आणि क्लिप खरवडून पांढरी केली होती.

सगळे माझ्याकडे आले. "तुम्ही नेमकं करता काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

या क्षणी शहाण्या माणसाने मूग गिळून बसावं. मी सल्ला दिला. "मनगट सैल ठेवा. कापताना घाई नको. आणि झाल्यावर मऊ कापडाने पुसा." हे सगळं मी कंगव्याबद्दल शिकलो होतो, पण ते त्यांना कुठे माहीत? ड्रिलमास्तर दुसऱ्या दिवसापासून दोरी इतक्या हळू कापू लागले, की शाळेतल्या पोरांना वाटलं, मास्तरांची तब्येत बरी नाही.

मग उंटावरचे शहाणे पुढे सरसावले. कोणी सांगितलं, बुटाचं पॉलिश लावा. कोणी म्हणालं, मार्कर फिरवा. केसांना लावायचा कलप धातूवरही बसतो, असं एकाने स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. अनुभव धातूचा नव्हता. सेक्रेटरींनी पॉलिशचा मार्ग धरला आणि तसाच सुकू दिलेला चाकू स्वयंपाकघरात ठेवला. त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याने पेरू चिरून खाल्ला आणि काळ्याभोर दातांनी त्या महिला मंडळाच्या अध्यक्षपदाची मुलाखत देऊन आल्या. अध्यक्षपद दुसरीला मिळालं. डेंटिस्टने दात फुकट साफ करून दिले, पण घरातलं वातावरण काही साफ होईना.

अखेर सेक्रेटरींनी चाकूच्या कंपनीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"वापर रोजचा होता की विशेष?" पलीकडून विचारणा झाली.

"रोजचाच."

"रोज म्हणजे सुट्टीच्या दिवशीसुद्धा?"

सेक्रेटरी गोंधळले. "सुट्टीच्या दिवशी कधी कधी."

"मग तो अधूनमधूनचा वापर झाला, साहेब. त्याचा विभाग वेगळा." अधूनमधूनच्या विभागाने विचारलं, काय कापलं? पुठ्ठा, असं सांगितल्यावर ते म्हणाले, आमच्या जाहिरातीतला माणूस डोंगरावर दोर कापतो, पुठ्ठा आम्ही कुठे दाखवलाय? मग ड्रिलमास्तरांनी फोन घेऊन दोर कापल्याचं सांगितलं, तेव्हा उत्तर आलं, डोंगरावर कापलात का?

इथे सेक्रेटरींचा संयम सुटला आणि ते नको ते बोलून गेले. "अहो, आमच्याच इमारतीत एका गृहस्थांचा चाकू रोज वापरून नव्यासारखा आहे. मग आमचेच कसे खराब निघाले?"

 पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. "असं म्हणता? मग दोष चाकूत नाही, वापरणाऱ्यात आहे. रविवारी आमचे प्रतिनिधी येऊन तो चाकू बघतील. तो खरंच तसा असेल, तर तक्रार निकालात."

फोन बंद झाला आणि सगळी इमारत माझ्याकडे बघू लागली. बायको तेवढी अभिमानाने बघत होती. "खुशाल बघू द्या," ती म्हणाली. "हे नीट वापरतात."

 चाकू काळाच राहिला तर शेजाऱ्यांच्या तक्रारीवर पाणी पडणार. खरं सांगावं तर बायकोचा तो फुललेला चेहरा माझ्याच हाताने विझवायचा. विचार करकरून मला दोन पक्षी मारणारा एक दगड सापडला. रविवारच्या आत चाकू खराब करायचा. बायकोला वाटेल, वापरून झाला. शेजाऱ्यांना वाटेल, यांचाही गेला. इतकं साधं मला आधी सुचलं कसं नाही, याचंच नवल वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या भांडारात मी स्वतःला कोंडून घेतलं. तिथला दिवा जुन्या वस्तूंना सोसेल इतकाच उजेड देतो. मी रिकामी खोकी कापली. काळं पातं काळंच. दोरी कापली. काळंच. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन पातं घासलं, दातओठ खाऊन घासलं. थोडं धूसर झालं, रंग मात्र ढिम्म हलला नाही. माझ्या मनात त्या कोटिंगविषयी आदर दाटून आला. हे लोक उगाच ओरडत होते. मनगट सैल ठेवणंच खरं, असं माझं मलाच पटू लागलं.

तेवढ्यात मागून संचालकांचा आवाज आला, "कुठल्या काळातलं आहे ते?"

मी एका हातात किल्ल्या आणि दुसऱ्या हातात पातं घेऊन, जुन्या तलवारींच्या मांडणीसमोर उभा होतो. त्यांना जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. हा माझा स्वतःचा चाकू आहे, हे सांगून मी जेमतेम सुटलो, पण एरवी मोज्यात लपून येजा करणारा चाकू आज हातातच राहिला होता, म्हणून दारावर रखवालदाराने अडवलं. आत आल्याची नोंद नसलेली धारदार वस्तू बाहेर सोडता येत नाही. हा नियम कडक आहे आणि तो मीच केला होता. परत संचालकांकडे गेलो.

"ऐतिहासिक मूल्य?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग एवढं घाबरायला काय झालं? कसलं मूल्य आहे?"

"बायकोने दिलाय."

संचालकही विवाहित होते. त्यांनी मला स्वतः दारापर्यंत सोडलं.

रविवारी इमारतीच्या सभागृहात सगळे जमले. प्रतिनिधी म्हणजे चष्म्यावर भिंग लावलेला एक किडकिडीत, अतिशय सभ्य माणूस. त्याने एकेक चाकू बघितला आणि प्रत्येक वेळी "अरेरे" म्हणाला, पण ते अरेरे चाकूसाठी होतं की मालकासाठी, ते कळत नव्हतं. मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो. आता माझ्या मनात पाप नव्हतं. कोटिंग जात नाही हे मी स्वतः पारखून घेतलं होतं. त्या भरात मी एक छोटं भाषणच केलं. वस्तूशी कसं प्रेमाने वागावं, हात हलका कसा ठेवावा, हे सांगितलं. बायको पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती. ड्रिलमास्तर खाली बघत होते.

प्रतिनिधीने पातं भिंगाखाली धरलं. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं आणि थबकला. मग त्याने नखाने एक कोपरा उचलला आणि पात्यावरून एक पारदर्शक पापुद्रा टर्रकन सोलून काढला. पाठोपाठ दुसऱ्या बाजूचाही काढला. त्यावर मी केलेले सगळे ओरखडे जसेच्या तसे होते. खालचं पातं सौम्य, बिनचकाकीचं, कोरं करकरीत होतं. ज्या तुकतुकीवर मी भाळलो होतो, ती प्लॅस्टिकची होती.

"हे वापरण्याआधी काढायचं असतं," तो फार हळुवारपणे म्हणाला.

आधी ड्रिलमास्तर हसले. मग डेंटिस्ट. मग सगळं सभागृह. सेक्रेटरी मात्र कामाचा माणूस, ते टुणकन उठले. "म्हणजे न झिजलेल्या एकमेव चाकूचा रंग कधी पुठ्ठ्याला लागलेलाच नाही. म्हणजे आमची तक्रार कायम!" टाळ्या झाल्या. फुलवाल्या मावशींनी माझी पाठ थोपटली. तोंडावर आपटून एवढी लोकप्रियता मिळालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एकटी बायको हसली नाही. तो पापुद्रा तिच्या पायाशी पडला होता, तो तिने उचलून बोटांत धरला. "म्हणजे कपाटातच होता म्हणायचा," ती म्हणाली.

"ड्रॉवरमध्ये," मी म्हणालो. मग सगळंच सांगून टाकलं. "मोज्यात."

 ती उठून दाराकडे निघाली.  इमारत हसली त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण ती पाठ मला बघवेना.

"साहेब," प्रतिनिधी म्हणाला, "माझी पंचाईत झालीये. यांचे चाकू कसे वापरले ते मी पाहिलेलं नाही. तुमचा तर कोरा आहे. आत्ता माझ्यासमोर रोजचा वापर करून दाखवाल?"

सेक्रेटरींनी तत्काळ एक खोकं पुढे सरकवलं. मी पातं उघडलं. सवयीने हात अडला. समोर कोरं पातं आणि दारात थांबलेली बायको, दोन्ही एकदम दिसत होती. मी डोळे मिटले आणि चाकू पुठ्ठ्यात घातला. खर्रर्र आवाज झाला. डोळे उघडून बघतो तर पात्यावर पहिली करडी रेघ. मला वाटलं होतं, काळजात काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. खोकं मात्र छान उघडलं होतं आणि माझे सगळे दात जागच्या जागी होते.

मी दुसरं खोकं मागितलं. मग तिसरं. कुरकुर करत उघडणारा तो पुठ्ठा, ती सरळ चीर, काय मजा होती त्यात! एवढे दिवस मी कुठल्या सुखाला मुकलो होतो ते मला कळेना. मावशींनी देठांची जुडी आणली. ड्रिलमास्तरांनी दोरी आणली, पण ती ताणून धरायला कोणी पुढे येईना, कारण मला चांगलाच चेव आला होता. तेवढ्यात दोरीचं टोक कोणीतरी हातात घेतलं. बघतो तर बायको. "सावकाश," ती म्हणाली. "मनगट सैल ठेवा."

सगळी इमारत पुन्हा हसली आणि या वेळी तीही हसली. आम्ही दोघांनी मिळून दोरी कापली, पिशव्या कापल्या, डेंटिस्टच्या घरची जुनी पाण्याची नळी कापली. कापायला काही उरलं नाही, तेव्हा सेक्रेटरी घरून न कापलेली खोकी शोधायला धावले. शेवटी पातं पुसून प्रतिनिधीच्या हातात दिलं तेव्हा ते करड्या रेघांनी भरलं होतं आणि टोकाकडे रंग पार गेला होता.

प्रतिनिधीने भिंगातून बघितलं आणि प्रथमच "अरेरे" म्हटलं नाही. "रोजच्या वापराला हे कोटिंग पुरत नाही," तो म्हणाला. "धार उत्तम, पण रंग टिकत नाही. मान्य." त्याने पिशवी उघडली. आत नव्या चाकूंचे डबे होते. जुना द्या, नवा घ्या. सेक्रेटरींनी घेतला, डेंटिस्टने घेतला, मास्तरांनी आणि मावशींनी घेतला. माझ्यासमोर डबा उघडा धरून तो म्हणाला, "पापुद्रा मीच काढून देतो."

आतलं पातं काळंभोर होतं, निष्कलंक. माझ्यातला संग्रहालयवाला क्षणभर डब्यावर झुकला, हे कबूल करतो. मग मी माझा ओरबाडलेला चाकू मिटला.

"नको," मी म्हणालो. "हा मला हिने दिलाय. हाच राहू दे."

प्रतिनिधी बुचकळ्यात पडला. असं उत्तर त्याच्या कुठल्याच विभागात बसत नव्हतं. "म्हणजे तुमच्या घरची काही तक्रार नाही, असं धरू?"

मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्या हातातला चाकू घेतला, क्लिप सरळ केली आणि माझ्या शर्टाच्या खिशाला अडकवला.

"होती," ती म्हणाली. "लग्नापासून होती. आजच मिटली."